मोर्चा अडवायचा की पोचवायचा?

मुंबईत मोर्चा आता काढता येत नाही, फक्त भरवता येतो. आझाद मैदानाचा एक राखून ठेवलेला तुकडा, त्यात जास्तीत जास्त पाच हजार माणसं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आणि परवानगी एका दिवसाची. २०२५मध्ये सभा, आंदोलनं आणि मिरवणुकांसाठी जे नवे नियम आले त्यांचा गोषवारा साधारण एवढाच. एकेकाळी राणीच्या बागेपासून निघालेला मोर्चा निदान काळ्या घोड्यापर्यंत यायचा. तिथे पोलीस अडवायचे, शिष्टमंडळ आत जायचं, बाकीचे डांबरावर बसकण मारायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांनी हायकोर्टात दाद मागितली आणि काळा घोडाही सुटला. उरलं ते मैदान.

राखीव जागा साधारण सात हजार चौरस मीटर आहे. पाच हजारांना वाटली तर माणशी दीड चौरस मीटरही येत नाही. पिशवी आणि चादर घेऊन बसायचं तर हा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. आकड्यावर भांडण नाहीच. भांडण आहे ते पाच हजार एकाव्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर या नियमांत नाही म्हणून. तो येणारच नाही असं गृहीत धरलेलं आहे. आणि मोठ्या मोर्चाचा स्वभावच असा की तो माणूस येतो, सोबत गाव घेऊन येतो.

बंदोबस्ताची आखणी सुरू होते ती ‘कुठे अडवायचा’ या प्रश्नापासून. ‘कसा पोचवायचा’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. मोठा मोर्चा शांत राहतो तो व्यासपीठावरून कुणी शांततेचं आवाहन केलं म्हणून नव्हे. चालणाऱ्याला वेळेवर पाणी मिळालं, पुढे काय चाललंय ते मागच्याला कळलं, आणि शेवटी निवेदन घ्यायला कुणी जबाबदार माणूस समोर आला, की तो शांत राहतो. पहिली दोन कामं मुख्यतः आयोजकांची. तिसरं सरकारचं. आपल्याकडे पहिली दोन बऱ्याचदा चोख होतात आणि तिसऱ्याशी घोडं अडतं.

किसान सभा या शेतकरी संघटनेचा २०१८चा लाँग मार्च बघा. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला, घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे करत ११ मार्चला सायनच्या सोमय्या मैदानावर आला. अंतर सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी ३०. निघताना वीसपंचवीस हजार होते, मुंबईत शिरेपर्यंत चाळीसच्या घरात गेले. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहावीचा पेपर. सकाळी हा लोंढा सायनवरून निघाला असता तर परीक्षेला जाणारी पोरं अडकली असती. म्हणून सहा दिवस चाललेली माणसं रात्री झोपलीच नाहीत. मध्यरात्रीनंतर उठली आणि पहाटे उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली. त्या एका रात्रीचं कौतुक मुंबईने भरभरून केलं. आता तीच रात्र आजच्या नियमांत बसवून बघा. संख्या बसत नाही, वेळ बसत नाही, रात्री शहरातून चालणं बसत नाही. शहराचा सगळ्यात जास्त विचार करणारा मोर्चा आज सगळ्यात आधी बेकायदा ठरेल. नियम लिहिणाऱ्यांनी मोर्चा कधी चालताना पाहिलेला नाही, असं म्हणायला यापेक्षा जास्त पुरावा लागू नये.

चालणारा मोर्चा म्हणजे काय, हे आधी आकड्यांत समजून घेतलं पाहिजे. चारचारच्या रांगा आणि दोन रांगांत दीड मीटर अंतर धरलं, तर २५ हजार माणसांची ओळ नऊ-साडेनऊ किलोमीटर लांब होते. ताशी चार किलोमीटरने ती एका चौकातून जायला दोन तास वीस मिनिटं घेते. सहासहाच्या रांगा केल्या तर लांबी सहा-सव्वासहा किलोमीटरवर येते आणि चौक दीड तासात मोकळा होतो. पण मग महामार्गाच्या एका लेनमध्ये ओळ मावत नाही, दुसरी लेनही जाते. कुठे चार आणि कुठे सहा, हे ट्रॅफिक शाखेशी आदल्या दिवशी बसून ठरवायचं असतं. दर पाचशे माणसांमागे वीस मीटरची फट सोडली तर रुग्णवाहिका किंवा शाळेची बस आडवी निघू शकते. २५ हजारांत अशा पन्नास फटी होतात, लांबी जेमतेम किलोमीटरभर वाढते. एवढ्याशा किमतीत ‘मोर्चाने रुग्णवाहिका अडवली’ ही बातमी टळते.

फट टिकवणं मात्र सोपं नाही. पुढचे पाच मिनिटं थांबले की मागचे येऊन चिकटतात. पुढचे निघाले की शेपटाला पळावं लागतं. ओळ अशी आखडत-ताणत राहिली की शेपटातला माणूस पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त दमतो, आणि शेपटात नेमके म्हातारे आणि लेकुरवाळ्या असतात, कारण त्या मागे पडत पडत तिथे पोचलेल्या असतात. उपाय जुना आहे: हळू चालणारे पुढे घ्यायचे. मग चाल त्यांची ठरते आणि तरण्यांना ती झेपतेच. २०१६-१७च्या मराठा क्रांती मूक मोर्चांत मुली पुढे, मग महिला, मग पुरुष आणि राजकीय पुढारी सगळ्यात मागे, अशी रचना होती. त्यातला सन्मानाचा भाग सगळ्यांनी टिपला. चालीचा भाग फारसा कुणी टिपला नाही. आणि मौनाचाही एक व्यावहारिक फायदा होताच. घोषणा देणाऱ्याचा घसा तासाभरात सुकतो आणि स्वयंसेवकाची सूचना त्याला ऐकू येत नाही. गप्प चालणाऱ्याला ती दोन रांगांपलीकडूनही ऐकू जाते. ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादेत पहिला मोर्चा निघाला आणि बरोबर वर्षाने मुंबईत राणीच्या बागेपासून आझाद मैदानापर्यंत. मधल्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत पन्नासहून जास्त. एवढ्या गर्दीत कुठे खळ्ळखट्याक नाही, हे आपोआप घडत नसतं.

पाण्याचं गणित अजून कडक आहे. मार्चच्या उन्हात चालणाऱ्याला दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं पाणी लागतं. २५ हजारांना लाख-सव्वा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहाबारा टँकर. टँकर मिळतात, गोची तोटीवर होते. एका तोटीवर लिटरची बाटली सहा सेकंदांत भरली तरी तासाला सहाशे बाटल्या. तासाभराच्या थांब्यात सगळ्यांना पाणी पाजायचं तर चाळीसच्या वर तोट्या हव्यात. टँकरला मागे एकच व्हॉल्व्ह असतो. त्याला आठदहा तोट्यांचा आडवा पाइप जोडून आणला नसेल तर तिथे ढकलाढकल ठरलेली. आणि टँकर सगळे पुढच्या टोकाला उभे केले तर मागच्या पाच किलोमीटरला घोटभरही मिळत नाही. ते ओळीच्या लांबीभर विखरून उभे करायचे असतात.

जेवणाचंही तसंच आहे. ते एका जागी केलं तर फसतं. चालणाऱ्या माणसाला एका वेळेला दीडशे ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम डाळ धरली तर २५ हजारांना साडेसदतीस क्विंटल तांदूळ आणि साडेबारा क्विंटल डाळ, तीही एका जेवणाची. एवढी खिचडी एका भटारखान्यात होत नाही. झाली तरी वाटेपर्यंत आंबते. म्हणून लाँग मार्चमध्ये गावोगावी घराघरातून धान्य गोळा झालं, तालुक्यातालुक्याची माणसं आपापली भांडी आणि शिधा टेम्पोत टाकून पुढे गेली आणि मुक्कामावर आपापल्या चुली पेटल्या. हिशोब बसतोही छान: पाचशे माणसांचा सहा दिवसांचा, दोन्ही वेळचा डाळतांदूळ बाराशे किलो होतो, म्हणजे एक पिकअप. एक पिकअप, एक गट, एक चूल. कुणाचा शिधा संपला तर शेजारच्या चुलीवर भागतं, सगळा मोर्चा उपाशी राहत नाही. दुपारच्याला भाकरी-ठेचा, शेंगदाणे-गूळ बरं. गरम खिचडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की दोनतीन तासांत तिला वास येतो, आणि एका गटाला जुलाब लागले की पुढचा मुक्काम दवाखान्याचा होतो.

शहरातल्या दानशूरांनाही यात एक सांगणं आहे. मुंबईने तेव्हा चपला दिल्या, पाणी दिलं, पोहे-बिस्किटं दिली, डबेवाले धावून आले. मनापासून दिलं. पण अशा वेळी सगळे एकाच वेळी, एकाच वाटेने, तेच तेच घेऊन येतात. वडापावचा ढीग पडतो आणि मलमपट्टी संपलेली असते. देण्याआधी गटप्रमुखाला विचारलं तर तो बहुधा सांगेल: जखमेवर बांधायचं बँडेज, ओआरएस, सॅनिटरी पॅड, सहा ते नऊ नंबरच्या पट्ट्याच्या चपला, मोबाइल चार्ज करायला बोर्ड.

पायांबद्दल सगळ्यात जास्त फोटो निघाले आणि सगळ्यात कमी बोललं गेलं. सोललेले तळवे हा त्यागाचा पुरावा म्हणून छापले गेले. ती खरं तर टाळता येणारी दुखापत होती. तीस किलोमीटर चालताना रेक्झिनच्या चपलेचा अंगठा तुटतो, मग माणूस तापलेल्या डांबरावर अनवाणी चालतो, आणि तिथे कातडं जातं. नवा बूट त्याहून वाईट, तो पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतो. पायात रुळलेली, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुना बूट, सकाळी बोटांच्या बेचक्यांत खोबरेल किंवा व्हॅसलीन, सुती मोज्यांचे दोन जोड. टाचेला चुरचुरायला लागलं की फोड यायच्या आधीच चिकटपट्टी लावायची. आलेला फोड फोडायचा नाही. चालायची वेळ पहाटे पाच ते साडेदहा आणि चारनंतर. दर तासाला दहा मिनिटं पाय वर करून पडायचं. ओआरएसची पाकिटं संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम यायचा थांबला आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की ती साधी चक्कर नव्हे. त्याला सावलीत ओढून, अंग ओलं करून, वारा घालत सरळ रुग्णवाहिकेत घालायचं.

बायकांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा, कारण तो कुठल्याच नियोजनात पहिल्या पानावर नसतो. वाटेत आडोसा नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही. मग दुपारी चक्कर येऊन पडते, तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. डॉक्टरकडे ती उन्हाची केस म्हणून जाते आणि मूळ कारण शौचालयाचं असतं. आपत्तीच्या छावण्यांसाठी सुरुवातीला पन्नास माणसांमागे एक शौचालय हा ढोबळ निकष धरतात. २५ हजारांच्या मुक्कामाला त्या हिशोबाने पाचशे लागतील. एवढी फिरती शौचालयं कुठली संघटना आणणार? पण मुक्कामाच्या गावातली शाळा, मंगल कार्यालयं, बाजार समिती, पेट्रोल पंप रात्रीपुरते उघडले तर बरंच निभतं. त्यासाठी तहसीलदाराचा एक फोन लागतो. (बंदोबस्तावर बारा-बारा तास उभ्या असलेल्या महिला पोलिसांची अवस्था काही वेगळी नसते. त्यांना तर रांग सोडताही येत नाही.)

हे अशक्य आहे असं महाराष्ट्रातल्या तरी कुणी म्हणू नये. आषाढीला लाखो माणसं आळंदी-देहूहून पंढरपूरला चालत जातात. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे बाकीच्या, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचा तंबू-शिधा वेगळा. लाँग मार्चची तालुकावार रचना आणि दिंडीची रचना यात फरक शोधावा लागेल. त्या वाटेवर सरकार टँकर उभे करतं, ‘निर्मल वारी’च्या नावाने फिरती शौचालयं आणतं, आरोग्य पथकं ठेवतं, वाहतूक दिवसेंदिवस वळवतं. कुणी वाहतूक कोंडीची याचिका करत नाही. तीच माणसं, तेच पाय, कधीकधी तोच रस्ता. फक्त हातात टाळाऐवजी झेंडा आला की टँकरचं बॅरिकेड होतं. श्रद्धेने चालणाऱ्याला पाणी देणं हे प्रशासनाचं काम असेल, तर हक्काने चालणाऱ्यालाही ते द्यावं लागेल. राज्यघटनेच्या १९व्या कलमात शस्त्राविना शांततेने जमण्याचा हक्क सरळ लिहिलेला आहे.

हा हक्क अमर्याद नाही, हेही मान्य. १९७२च्या हिंमतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण मनमानी बंदी घालता येणार नाही. २०१८मध्ये जंतरमंतर आणि बोट क्लबवरची सरसकट बंदी न्यायालयाने मान्य केली नाही. २०२०मध्ये शाहीनबागेच्या निकालात सांगितलं की रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. तिन्ही एकत्र वाचले तर अर्थ सुटसुटीत निघतो: वाट ठरवा, वेळ ठरवा, पण वाट द्या. प्रत्यक्षात काय होतं? अर्ज दिल्यावर परवानगीचं उत्तर आदल्या संध्याकाळपर्यंत येत नाही. त्याआधी कार्यकर्त्यांच्या हातात ‘१४९’ची नोटीस पडते, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच दिलेली तंबी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ झाली आहे, पण पोलीस ठाण्यात आणि कार्यकर्त्यांत अजून १४९च म्हणतात. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ (१) (३)चा जमावबंदी आदेश तर पाळीपाळीने जवळजवळ कायमच लागू असतो, त्यामुळे मोर्चा निघाला की त्याच कायद्याच्या १३५खाली गुन्हा तयारच. पुढे सरकार बदललं किंवा मन बदललं की ‘राजकीय आंदोलनातले गुन्हे मागे घेऊ’ अशी घोषणा होते. घोषणेने गुन्हा जात नाही. समितीची शिफारस, सरकारी वकिलाचा अर्ज, कोर्टाची परवानगी, एवढं सगळं व्हावं लागतं. तोवर नोकरीच्या पडताळणीत पोरगं अडकलेलं असतं. तरुणांना मोर्चात बोलावणाऱ्या प्रत्येक संघटनेने हे आधी सांगितलं पाहिजे आणि गुन्ह्यांच्या क्रमांकांची यादी स्वतः ठेवली पाहिजे. बहुतेक संघटना ठेवत नाहीत.

आता अडवण्याच्या जागेकडे येऊ, कारण जीव तिथे जातात. नागपुरात हिवाळी अधिवेशनावर येणाऱ्या मोर्चांना अडवायचे ठरलेले ठिय्ये आहेत: टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. २३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाजाचा मोर्चा या टी-पॉइंटला अडला. माणसं तासन् तास उभी होती, निवेदन घ्यायला कुणी मंत्री आला नाही. मग रेटा, लाठीमार, पळापळ. ११४ गोवारी चेंगरून मेले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे स्मारक झालं, उड्डाणपुलाला शहिदांचं नाव दिलं गेलं. ते लोक कुठलीही मोडतोड करायला आले नव्हते. त्यांना आदिवासी म्हणून नोंद हवी होती.

अशा जागी काय होतं ते समजायला फार शास्त्र लागत नाही. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं उभी असतील तर हलता येतं. पाच-सहाच्या वर गेली की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला नेते. मागून येणाऱ्याला पुढचं बॅरिकेड दिसत नाही. तो नुसता चालत राहतो, आणि त्याचं ते साधं पाऊल पुढे जाऊन छातीवरचं वजन बनतं. पुढचा ओरडतो, मागच्याला ती घोषणा वाटते. त्यात लाठी चालली तर पुढचे मागे वळतात, मागचे पुढे येत असतात, आणि मध्ये सापडलेल्याला वाट नसते. चेंगराचेंगरीत बहुतेक मृत्यू तुडवून होतात असा समज आहे. पुष्कळ लोक उभ्या उभ्या गुदमरून मरतात.

म्हणून अडवायचंच असेल तर तीन गोष्टी बघायच्या. बॅरिकेडच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडायला मोकळी वाट हवी. टी-पॉइंटसारखी बंद बाटली कधीच निवडू नये. सूचना मागच्यांना आधी मिळायला हवी, म्हणजे भोंगे ओळीच्या शेपटापर्यंत हवेत आणि आयोजकाच्या माणसाच्या आवाजात हवेत, कारण पोलिसाच्या आवाजावर त्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही. आणि गर्दी थांबली की तिला लगेच खाली बसवायचं. बसलेला जमाव ढकलला जात नाही, त्याला आपोआप जास्त जागा लागते, आणि दूरवरचं दिसायला लागतं. चांगल्या संघटनांचे स्वयंसेवक हे न शिकवता करतात: दोर धरून कडेने पळत जातात आणि ‘बसून घ्या, बसून घ्या’ म्हणत मागून पुढे येतात. पुढून मागे नव्हे. पुढचे बसले आणि मागचे चालत राहिले तर अनर्थ.

पण या सगळ्याहून सुरक्षेचा मोठा उपाय म्हणजे वेळेवर आलेला मंत्री. गर्दी बसवून ठेवता येते ती दीड-दोन तास. पाणी संपतं, ऊन चढतं, परतीची गाडी चुकते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला रे, आत घुसू.’ त्या क्षणाची जबाबदारी आपण नेहमी त्या म्हणणाऱ्यावर टाकतो. सकाळपासून बंद असलेल्या दारावर कधीच टाकत नाही. लाठीमाराचंही तसंच. १ सप्टेंबर २०२३ला अंतरवाली सराटीत लाठ्या चालल्या आणि जालना जिल्ह्यातल्या एका गावातलं मराठा आरक्षणाचं उपोषण दोन दिवसांत राज्याचं आंदोलन झालं. शांत बसलेल्या माणसांवर हात टाकून आजवर कुठलंही आंदोलन आटोक्यात आलेलं नाही, हे गृहखात्याला खरं तर आपल्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

विरोधातला मुद्दा खोटा नाही. २९ ऑगस्ट २०२५ला मनोज जरांगे पाटलांबरोबर मराठा आंदोलक मुंबईत आले. परवानगी पाच हजारांची होती आणि मैदानापर्यंत पाच वाहनांची. आले कितीतरी जास्त, आणि बहुतेक गाड्यांनी. गणपतीचे दिवस, वर पाऊस; मैदानात चिखल, माणसं सीएसएमटीच्या फलाटांवर, जेवणं रस्त्यावर. हायकोर्टाने रस्ते रिकामे करायला सांगितलं, २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा (निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याचा) शासन निर्णय निघाला आणि आंदोलन थांबलं. ज्यांची लोकल चुकली, ज्यांचा रुग्ण अडकला त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण तो राग नेमका कशाचा, हे वेगळं काढून बघा. दहा हजार माणसं सातसात जणांच्या गाड्यांतून आली तर चौदाशेच्या वर गाड्या होतात. एकामागे एक लावल्या तर साडेआठ किलोमीटर. चालत येणारी तेवढीच माणसं चारचारच्या रांगांत पावणेचार किलोमीटरात मावतात आणि तासाभरात निघून जातात. शहर ठप्प होतं ते बऱ्याच अंशी गाड्यांनी आणि मुक्कामाची सोय नसल्याने. तेव्हा वाशी, मुलुंड, दहिसर अशा वेशींवर गाड्या उतरवून घेऊन पुढे लोकलने किंवा पायी जायची सोय, आणि शहरात एक मोठं मुक्कामाचं मैदान, जसं २०१८ला सोमय्या होतं. याला पाच हजारांच्या मर्यादेपेक्षा जास्त मेहनत लागते. कागदावर आकडा लिहिणं सोपं. मग न्यायालय आकडा मोजतं, पोलीस आकडा मोजतात, आणि न आलेला नळाचा पाइप कुणीच मोजत नाही.

आयोजकांनीही एक गोष्ट सोडली पाहिजे: ऐन वेळी ‘मागण्या मान्य होईपर्यंत हटणार नाही’ असं जाहीर करणं. एका दिवसाच्या पाण्यावर आणि एका दिवसाच्या शिध्यावर माणसं आणायची आणि मंचावरून बेमुदत म्हणायचं, याचा भार मंचावर बसलेल्यांना सोसावा लागत नाही.

एवढं करून हातात पडतो तो कागद, आणि लढाई खरी त्यावर असते. २०१८ला १२ मार्चच्या संध्याकाळी सरकारने बहुतेक मागण्या मान्य केल्याचं लेखी दिलं. वनहक्काचे प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं त्यात होतं. माणसं विशेष गाड्यांनी घरी गेली. फेब्रुवारी २०१९मध्ये तीच माणसं नाशिकहून पुन्हा निघाली. शहराबाहेर पडतात न पडतात तोच पुन्हा लेखी मिळालं, पुन्हा परतली. मार्च २०२३मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा. यादीत कांद्याचा भाव होता, आणि वनजमीन होतीच. २००६च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला चार हेक्टरपर्यंतचा दावा मिळू शकतो. कसतो चारपाच एकर आणि पट्टा मिळतो काही गुंठ्यांचा, ही त्यातली मुख्य तक्रार. ती मंत्रालयात सुटत नाही. उपविभागीय समिती आणि जिल्हा समितीच्या टेबलावर सुटते.

त्यामुळे आश्वासनाच्या कागदात काय बघायचं, हे आता गावातली माणसंही सांगतात. ‘सकारात्मक विचार करू’, ‘तपासून निर्णय घेऊ’ या ओळी कोऱ्या धरायच्या. प्रत्येक मागणीपुढे खातं, अधिकाऱ्याचं पद आणि तारीख हवी. शासन निर्णय काढू म्हटलं तर त्याचा सांकेतांक मिळेपर्यंत तो निघाला असं मानायचं नाही. बैठकीचं इतिवृत्त सहीसह हवं आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्याकडे गेल्याची पोच हवी. पुढच्या आढावा बैठकीची तारीख त्याच कागदावर हवी, आणि त्या बैठकीला संघटनेचा माणूस निमंत्रित म्हणून हवा.

२०२३च्या त्या तिसऱ्या मोर्चाने वासिंदला मुक्काम टाकला होता. मुंबई अजून सत्तरएक किलोमीटर लांब. मुख्यमंत्र्यांशी बैठक झाली, १७ मार्चला विधानसभेत निवेदनही झालं. कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपयांचं अनुदान ठरलं. वाहिन्यांनी मोर्चा यशस्वी म्हणून जाहीर करून टाकला. मुक्कामात एका शेतकऱ्याची तब्येत बिघडून मृत्यू झाला होता, परीक्षा आणि कामं खोळंबली होती, सगळ्यांना घर दिसत होतं. तरी माणसं उठली नाहीत. आदेश खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचल्याचं कळू द्या, मग बघू, म्हणून त्या मैदानात आणखी एक रात्र बसून राहिली.